खांदाभर वर गेलेली जेट्टी

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळुरू
२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आश्लेषाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नेहमी ‘बरे आहे’ एवढेच म्हणतो, म्हणून खरे काय ते पत्रात लिहायचे, ही तुझी अट. तर खरे लिहितो. मला भीती वाटते आहे.

आमच्या ऑफिसच्या कृष्णमूर्ती सरांनी मला बंदरांचे नियोजन आणि आरेखन शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला पाठवले आहे. हे वर्ग इंजिनिअरांसाठी आहेत. मी डिप्लोमा मध्येच सोडलेला, दुसऱ्यांनी ठरवलेल्या जेट्ट्यांची ड्रॉइंग काढून देणारा माणूस. सरांनी शब्द टाकला म्हणून प्रवेश मिळाला. त्यांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितले, की शेवटच्या सादरीकरणात पास झालो तर नोकरी कायम. नाही तर मार्चअखेर करार संपेल आणि मग त्यांच्या हातात काही राहणार नाही. म्हणजे मी परत वेंगुर्ल्याला, भाऊजींच्या बर्फाच्या कारखान्यात. भाऊजींनी राग मानू नये, पण बर्फाच्या लाद्या मोजत बसायची माझी इच्छा नाही.

वर्ग हेब्बाळला भरतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभे राहून आपले गाव आणि कॉलेज सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त गाव सांगितले आणि खाली बसलो. शिकवणारे गुंडूराव सर निवृत्त बंदर अभियंते आहेत. त्यांनी कॉलेज पुन्हा विचारले नाही. पावसाळ्यात वेंगुर्ल्याला वारा कुठून येतो, एवढेच विचारले. मी नैर्ऋत्येकडून म्हणालो. त्यांनी फळ्यावर तसा बाण काढला आणि तिथूनच शिकवायला सुरुवात केली. त्यामुळे अजून तरी कोणाला काही कळलेले नाही.

घरमालकीण शकुंतलाबाई रोज डब्यात ‘स्वल्प’, म्हणजे थोडा, जास्त भात घालतात. डोके चालवायला लागतो म्हणतात. मला तो खाऊन वर्गात झोप येते, पण त्यांना कसे सांगणार?

भाऊजींना नमस्कार. निकाल काहीही लागला तरी लोभ आटू देऊ नये.

तुझा,
सुशांत

*

वेंगुर्ला
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुशांत यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊजींनी निरोप दिलाय की बर्फाच्या लाद्या कोणी मोजत बसत नाही, त्या फोडतात. आणि तुझे दंड बघता ते काम तुला कोणी देणारही नाही. तेव्हा पास होण्यावाचून तुला गत्यंतर नाही.

मला एक कळत नाही. बंदर कसं बांधायचं ते शिकायला तुम्ही समुद्र नसलेलं गाव शोधून काढलंत? इथे दाराबाहेर अख्खा समुद्र आहे, त्याला कोणी विचारत नाही. शेजारच्या सकवारबाई म्हणाल्या, पोहायलासुद्धा बादलीत शिकवत असतील तिकडे.

चेष्टा सोडून सांगते. कोणी कॉलेज विचारलं तर सांगून टाक. तू काही लपवलंस की कान लाल होतात तुझे, लांबून दिसतात. आणि भात कमी घालायला सांग त्या माउलीला. एवढं साधं तोंडाने बोलत नाहीस आणि मग मनातल्या मनात कुढत बसतोस. तुझ्याबरोबर कोण कोण आहे, ते सगळं लिही.

पोटाला वेळेवर घाल. आमचा जीव तुझ्यात आहे, तुझाही इकडे असू दे.

तुझी,
ताई

*

चामराजपेट, बेंगळुरू
१६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. भात कमी करायला सांगितले. शकुंतलाबाई ‘सरी’, म्हणजे बरे, म्हणाल्या आणि आता पोळ्या वाढवल्या आहेत.

आमचा तिघांचा गट आहे. मेघाश्री मंगळूरची, लाटा आणि धक्क्यांचे गणित तिच्याकडे. सुनीलकुमार इतकी वर्षे रस्ते बांधत होते. जमिनीकडची बाजू त्यांची. ड्रॉइंग माझे. एका कल्पित गावासाठी लहान बंदर आखायचे आहे, मासेमारीच्या होड्यांना पायऱ्यांची जेट्टी आणि मालाच्या बोटींना वेगळा धक्का. कॉलेजचे मी दोघांनाही सांगून टाकले. मेघाश्री म्हणाली, ठीक आहे, पण रेषा सरळ येतात ना? सुनीलकुमारांनी मात्र तेव्हापासून मला ‘आर्टिस्ट’ म्हणायला सुरुवात केली आहे.

या कामातली एक गंमत सांगतो. जमिनीवरची उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. समुद्राच्या नकाशात मात्र शून्य धरतात ते ओहोटीच्या अगदी खालच्या पाण्याला, कारण जहाजाला कमीत कमी किती पाणी मिळेल तेच महत्त्वाचे. या दोन शून्यांत आमच्या कल्पित गावापुरता माणसाच्या खांद्याएवढा फरक आहे. सगळे आकडे एकाच शून्यावर आणले नाहीत तर जमीन आणि पाणी जुळतच नाहीत. गुंडूराव सर म्हणतात की बंदरवाल्यांचे निम्मे घोटाळे इथे होतात.

सुनीलकुमारांच्या आकड्यांवर कोणते शून्य ते लिहिलेलेच नव्हते. रस्त्याचा माणूस, विसरला असणार. त्यांना विचारले असते तर सगळ्यांसमोर त्यांचा अपमान झाला असता आणि मला वर ‘आर्टिस्ट’ ऐकावे लागले असते. म्हणून मी काही न बोलता त्यांच्या सगळ्या आकड्यांत तो खांद्याएवढा फरक मिळवून ते समुद्राच्या शून्यावर आणले आणि ड्रॉइंग पक्के केले. आता मला बरे झोपायला मिळेल.

सादरीकरण महिनाअखेरीस आहे. इथून लांब असलो तरी मनातून लांब करू नये.

तुझा,
सुशांत

*

वेंगुर्ला
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सुशांत यास,
अ. उ. आ.

शून्याची गंमत मला निम्मी कळली, भाऊजींना पूर्ण कळली असं ते म्हणतात. पण वाचताना मला दुसरंच आठवलं. आई आमटी चुलीवर ठेवून बाहेर गेली की तू मीठ राहिलं असेल या काळजीने गुपचूप चिमूटभर टाकायचास. आईने आधीच घातलेलं असायचं. आम्ही सगळे पाणी पीत जेवायचो आणि तू ताटात बघत बसायचास.

त्या सुनीलकुमारांना विचारलंस ना रे? नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी विचारून ये. अपमान झाला तर झाला. कमी-जास्त बोलले तर ऐकून घे.

काळजीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. माया कमी म्हणून नाही.

तुझी,
ताई

*

चामराजपेट, बेंगळुरू
८ मार्च २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. वाचून मी जिन्यातच खाली बसलो. शकुंतलाबाईंना वाटले घरी काही वाईट झाले.

आमटीत मीठ दोनदा पडले होते, ताई.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी ड्रॉइंगचा मोठा कागद फळ्यावर लावला आणि चार पावले मागे येऊन पाहिला. जमिनीपासून मोजत उतरवलेल्या जेट्टीची शेवटची पायरी ओहोटीच्या पाण्यापासून खांदाभर वर लटकत होती. होडीतल्या माणसाने टोपली वर द्यायची कशी? मी धावत सुनीलकुमारांकडे गेलो आणि विचारले. त्यांनी आकडे आधीच समुद्राच्या शून्यावर आणून दिले होते. मी तोच फरक पुन्हा मिळवला होता. नवा कागद छापायला वेळ नव्हता.

सुनीलकुमार फार चिडले. अर्धवट शिकलेल्याच्या हातात काम दिले की असे होते, असे सगळ्यांच्या देखत म्हणाले. मेघाश्रीने स्वल्प थांबा म्हणत त्यांना बाजूला घेतले आणि मला लाल पेन दिले. मी कागदावर खरी पातळी लाल रेघेने दाखवली. घाईत आयुष्यात पहिल्यांदा माझी रेघ वाकडी आली.

परीक्षकांत गुंडूराव सर होते. त्यांनी लाल रेघ कोणाची असे विचारले. मी उभा राहिलो आणि काय केले ते सांगितले, न विचारता केले हेही सांगितले. डिप्लोमा अर्धा आहे हेही तोंडून निघून गेले, जे त्यांनी विचारलेच नव्हते. सरांनी चष्मा काढून पुसला. मग सुनीलकुमारांना विचारले की तुमच्या आकड्यांवर शून्य कोणते ते का लिहिले नव्हते. सर आम्हा दोघांना म्हणाले की एकाने सांगितले नाही आणि दुसऱ्याने विचारले नाही, अशाने खरी बंदरेसुद्धा बुडतात. हे फक्त कागदावर बुडाले म्हणून स्वस्तात सुटलात. मग मला ती जेट्टी लाल रेघेवरून तोंडी समजावून सांगायला लावली. ताई, ती मला पाठ होती. पाण्यापासून रस्त्यापर्यंत सगळी सांगितली.

आम्ही तिघे पास झालो. गुण सर्वांत कमी, पण पास. बाहेर आल्यावर सुनीलकुमारांनी पाठीवर जोरात थाप मारली आणि चहा पाजला. म्हणाले, आर्टिस्ट, तू माझा अपमान टाळायला निघालास आणि मला पाण्याबाहेर टांगून ठेवलेस.

कृष्णमूर्ती सरांनी काल नोकरी कायम झाल्याचे पत्र हातात दिले. गुंडूराव सरांनी त्यांना फोन करून सगळे सांगितले होते. कृष्णमूर्ती सर एवढेच म्हणाले की यापुढे शंका आली तर खुर्चीतून उठायचे.

आज एका धक्क्याच्या ड्रॉइंगमध्ये पाण्याची खोली मला कमी वाटली. आकडा बदलायला बोट कळफलकावर गेलेच होते. उठलो आणि तो आकडा देणाऱ्या श्वेता मॅडमच्या टेबलापाशी जाऊन विचारले. त्यांनी कागद पाहिला आणि आकडा बरोबर आहे, तळाशी खडक आहे, खोल खणता येत नाही, म्हणून सांगितले. त्यांना त्यात काहीच वाटले नाही. मी जागेवर परत आलो आणि आकडा होता तसाच राहू दिला.

भाऊजींना सांग, बर्फ फोडायला दुसरा माणूस बघा. तुम्हा दोघांची माया अशीच भरतीला असू द्यावी.

तुझा,
सुशांत