ड्रायव्हरच्या सीटवरची तुळस

अहो,

मी घोटीच्या बाजारात तांदूळ आणायला चाललेय. कुकरमध्ये मऊ भात आहे, वर तूप घ्या.

गाडी थांबली की तुळस दाराबाहेर मांडते, पण आज मुद्दाम तुमच्या सीटवर ठेवलीय. ती उचलताना आठवेल की मी अजून आलेली नाही. परवा मला बाजारात ठेवून एकटेच इंदिरानगरच्या घरी निघालात! ते घर विकूनच ही राहायची गाडी घेतली ना आपण? नव्या मालकांनी तुम्हाला चहा पाजून बसवून ठेवलं, भली माणसं.

मयुरेश फोनवर म्हणाला, "आई, किल्ली लपव." मी नाही लपवली. खिळ्यालाच आहे.

अगदीच निघावंसं वाटलं, तर बाजारावरून या. हॉर्न वाजवा, मी चढते.

अनसूया