पस्तीस किलोमीटरवरचे जंतू

२१ जानेवारी, मंगळवार

फुग्यानं वर नेलेली पेटी आमच्याच शिवारात उतरली! अख्खा उमरगा तालुका मोकळा पडलाय, आणि उतरली कुठं — तर आत्याच्या हरभऱ्यात. नकाशावरचा ठिपका थांबला तेव्हा मी गाडीतच ओरडले. नंदीश गाडी चालवत होता. म्हणाला, "मॅडम, फुगा तुमच्या ओळखीचा दिसतोय. आज जेवण घरचं!"

पोचलो तेव्हा पेटीची हवाई छत्री बोरीला अडकलेली, फुग्याचं प्लास्टिक बांधावर पसरलेलं, भोवती पन्नासेक माणसं. पण सगळी दहा हात लांब! आत्यानं काठीनं रेघ ओढली होती. पोलीसपाटीलसुद्धा रेघेबाहेर.

नंदीश छत्री सोडवत होता तेवढ्यात आत्या माझ्या कानाशी आली. "झाकण उघडं व्हतं गं, जरासं. धक्क्यानं उघडलं आसंल. धूळ जाईल म्हणून म्या लावलं. हातानंच." मग इकडंतिकडं बघून — "माझं नाव कुठं लिवू नको. गेल्या साली त्या दोघांना ठाण्यात बसवलं व्हतं दिवसभर. पेटीला हात लावला म्हणून."

मी "बरं" म्हणाले.

२२ जानेवारी

फॉर्मवर रकाना आहे — उतरल्यानंतर पेटी कोणी हाताळली का?

'नाही' लिहिलं. सही केली.

२५ जानेवारी, शनिवार

स्वतःला समजावते आहे की एवढं काही नाही. पण आहे.

पस्तीस किलोमीटर उंचीवर हवा मंगळावरच्याइतकी विरळ, ऊन तसंच जाळणारं. तिथं पृथ्वीवरचे जंतू तग धरतात का, एवढंच आम्हाला पाहायचं आहे. धरत असतील तर ते यानाला चिकटून मंगळावरही जातील. मग तिथं उद्या काही सापडलं तर ते तिथलं की आपलंच, कसं ओळखणार? म्हणून पेटीतल्या, वरच्या हवेत उघडून तिथले जंतू टिपणाऱ्या सहा तबकड्या निर्जंतुक. त्या बसवायचं काम माझं. माणसाचा हात लागायचा नाही.

आणि हे मला शिकवलं कुणी? गावच्या शाळेत तेव्हा मास्तर टिकत नव्हता. चौथीपर्यंत आत्यानंच घरी शिकवलं. ती डेअरीत दुधाचे नमुने तपासायची. बाटलीत बोट गेलं की बाटली बाजूला, वर चिठ्ठी. मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेले दोन शब्द त्या चिठ्ठीवरचे — 'नमुना बाद.'

३ फेब्रुवारी, सोमवार

वाढ दिसली! सहापैकी दोन तबकड्यांत.

उमाशंकर सर गेली सात वर्षं या प्रयोगामागं आहेत. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "जगले गं, शिवप्रिया! तिथं वर जगले!" सगळ्यांना पेढे. माझा पेढा तोंडात नुसता फिरत राहिला.

४ फेब्रुवारी

माणसाच्या कातडीवर राहणारी जात निघाली. सर म्हणतात, वाऱ्यानं वर जाऊ शकते.

जाऊ शकते. हातानंही येऊ शकते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सरांनी शोधनिबंधाचा मसुदा दाखवला. त्यांच्या खालोखाल माझं नाव! मी ते नाव बघत बसले. दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

आत्याला फोन केला. "मला लिहावं लागेल, आत्या."

"मंग पोलीस येतील?"

"नाही येणार. खरंच नाही."

"येनार न्हाईत, तर आधीच का न्हाय लिवलंस?"



१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. दार लावून, उभ्या उभ्याच. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन आठवडे?" एवढंच. मग — "आत्यांच्या हाताचा नमुना आणा. जंतूंशी जुळवून बघू. जुळला तर सगळं बाद."

१६ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन आले.

आत्या इस्त्रीची साडी नेसून ओट्यावर बसलेली. "हात धुवून येऊ?"

"नको, धुवायचा नाही."

"जलमभर तुझ्या मागं लागले, हात धू, हात धू. आता म्हनतीस धुवू नको!"

मी स्वॅबची काडी काढली तशी शेजारची पार्वतम्मा भिंतीवरून डोकावली. "काय गं दैवशाला, करुना फिरून आला का काय?"

"न्हाय बाई. म्या मंगळावर घाण केली म्हनं!"

पार्वतम्मा पोट धरून हसली. मीही हसले. आत्या हसली नाही. तळहात पुढं करून दुसरीकडं बघत राहिली. काडी फिरवताना तिचा हात स्थिर होता.

मग मी दुसरी काडी काढली आणि तिच्यासमोर माझ्या स्वतःच्या हाताचा नमुना घेतला. तिला एकटीला आरोपी वाटू नये, एवढ्यासाठीच. "कशाला ही सोंगं," म्हणाली आणि आत गेली.

चहा झाला नाही. निघताना "येते" म्हणाले. आतून नुसतं "व्हय" आलं.

२४ फेब्रुवारी

अहवाल नाही. आत्याचा फोनही नाही. दोनदा लावला. वैजनाथ उचलतो, म्हणतो, आई रानात गेलीय. दुपारी दोन वाजता! उन्हात!

६ मार्च, गुरुवार

अहवाल आला.

आत्याचा हात — जुळत नाही. एकाही तबकडीशी नाही. सर सावकाश वाचत होते आणि मी टेबलाची कड धरून मनातल्या मनात तिला फोनसुद्धा लावला होता. मग त्यांनी पान उलटलं.

माझा हात — जुळतो. दोन्ही तबकड्यांशी.

उड्डाणाच्या सकाळी तबकड्यांचा शेवटचा स्क्रू पुरता बसलाय की नाही हे हातमोजा घालून कळेना. मी हातमोजा काढला होता. एकदाच, क्षणभर. हे कुणाला सांगितलं नाही. या वहीतही लिहिलं नाही.