खिडकीपुढचं कपाट

कारेगाव, रविवार संध्याकाळ

आज पेपरात राज्यांची क्रमवारी आली होती, कमाईची आणि राहणीमानाची. आपलं राज्य बरंच वर. भाडेकरू रिंकूला मी हौसेनं वाचून दाखवलं. तिचं बिहार किती खाली, तेही. कशाला सांगितलं?

ती हसली. "काकी, कमाई इथंच हाय, म्हणून तर आलो ना. पण गावाकडच्या घरात उजेड हाय. इथं दुपारी बी लाइट लावते."

तिच्या खोलीला खिडकी आहे. पण खिडकीपुढं ह्यांचं कपाट आहे. हे गेले तेव्हापासून मी ते कुणाला हलवू दिलं नाही. भाडं मात्र खिडकी धरून घेते.

उद्या रिंकूच्या नवऱ्याला हाक मारीन. कपाट माझ्या खोलीत आणायचं. माझी खिडकी झाकली जाईल. जाऊ दे.