पत्रिका न बघता टाकलेली विंडोज ९८

ताई,

कॉम्प्युटर चोरीला गेलेला नाही. तो माझ्या मांडीवर बसून रिक्षाने महेंद्रकडे निघालाय. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, म्हणून हे घाईत.

तू साड्या घ्यायला गेलीस तेव्हा मी त्यात विंडोज ९८ टाकली. आपला मराठी फॉन्ट तिला चालेना. तुझ्या लग्नपत्रिकेतले सगळे रफार उडाले. 'आशीर्वाद'चा 'आशीवाद' झाला आणि भावजी कर्डकचे 'कडक' झाले. आपल्यात पत्रिका बघत नाहीत हे ठीकच, पण विंडोज आणि फॉन्टची तरी बघायला हवी होती.

प्रेसवाले काका पत्रिका न्यायला आले तर चहा पाज. मग आणखी एक पाज. आज छपाईला गेली नाही, तर पाहुण्यांच्या हातात ती लग्नाचे फोटो बघतानाच पडेल.

नवीन टाकताना कॉम्प्युटरने विचारलं होतं, जुनं सांभाळून ठेवू का? जागा वाचवायला मी 'नको' म्हणालो. त्यामुळे आता मागे जाता येत नाही. महेंद्र त्याच्या सीडीवरून जुनी विंडोज पुन्हा टाकून देतो म्हणालाय.

सकाळी आईही विचारत होती, "ताई गेल्यावर तिची खोली रिकामी करून तुला देऊ का रे?"

तिलाही मी नकोच म्हणालो. तिथं जुनंच राहू दे.

सम्राट