आत्याबाईंचा डावा गुडघा

बीबी,
संक्रांतीच्या आधीचा सोमवार

प्रिय शालूस,

आपल्या गावचा जानराव काल तुह्याकडून मेहकरच्या मोटारीनं आला अन् ओसरीवर बसून तुह्यंच गुणगान करत राह्यला. धाकल्या सुनेनं सासूले डॉक्टरकडे नेलं, सुईनं गुडघ्यातलं पाणी काढवलं, आता आत्याबाई काठी टेकत तुह्या अंगणात फिरून राह्यल्या. मी त्याले चहा दिला, त्यात साखरच टाकाची भुलली. खरं सांगू? मले तुहा हेवा वाटला.

पंधरा वर्षं तो डावा गुडघा माह्या हातात होता, बाई. दिवे लागले की जवसाचं तेल कोमट करून मी चोळत होती. निरगुडीचा पाला बांधला, रुईचं पान शेकून लावलं. वात आहे म्हणून त्यांचं वांगं बंद केलं, त्याच्यापायी माहंही बंद झालं. दोन भाज्या कोण करते? मग शेजारच्या झुंबरबाईचं ऐकून बिबा लावला, तो असा उतला की मांडीपर्यंत फोड! तरी मोठ्या सुनेनं जाळलं असं त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत. अन् तू? दिवाळीत तीन दिवस येणार, नवं लुगडं नेसून त्यांच्या पायाशी बसणार, की आत्याबाई गावभर सांगत सुटणार, माही शालू, माही शालू!

तुह्या डॉक्टरनं कारणं सांगतली, ती जानरावनं बोटावर मोजून दाखवली. जन्मभर उकिडवं बसून निंदण केलं, हाडांमधली गादी झिजली. माह्या लग्नाच्या दुसऱ्या साली त्या विहिरीच्या पायरीवर घसरल्या, तवा आतली शीर दुखावली ती तशीच राह्यली. अंग सुटलं, त्याचा भार वेगळा. मग सूज येऊन पाणी धरलं. वाताचं नावच नाही, वांगं बिचारं फुकट बदनाम! विहिरीवरून त्याईले उचलून मीच आणलं होतं. निंदणाच्या पाथीत बाजूले मीच असायची. सारं माह्या डोळ्यांसमोर झालं, अन् ओळखलं कोणी, तर एका सकाळी तुह्या डॉक्टरनं. जळू नाही तर काय करू?

आमचे हे म्हणतात, बरं झालं, तुह्या मागचं एक काम गेलं. काय बोलावं या माणसाले! संध्याकाळी मले हात कुठं ठेवावे कळत नाही.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते. सहा महिने आधी आणलं असतं तर काठी लागली नसती, असं डॉक्टर बोलले म्हणे. शालू, आखाडात तुह्यं कार्ड आलं होतं, इथं चांगला डॉक्टर आहे, आत्याबाईले पाठवा म्हणून. त्याईले अक्षरओळख नाही, पत्रं मीच वाचून दाखवत होती. खुशाली सारी वाचली अन् तेवढी ओळ गिळली. कार्ड चुलीत टाकलं. दिवाळीत तू विचारलं, तर त्याच नाही म्हणतात, असं तुह्या तोंडावर खोटं बोलली. एकदा तिकडं गेल्या की माह्या राहणार नाहीत, हेच भेव होतं. भाऊजी स्वतः न्यायले आले म्हणून, नाहीतर मी अजूनही पालाच बांधत राह्यली असती. हे पत्र त्याईच्याजवळ बसून मोठ्यानं वाच. एकही ओळ गाळू नको. मग माह्याकडे यायचं की नाही, ते त्याईनंच सांगावं.

तुहीच जाऊ,
कोकिळा