डिस्क का लागत नाहीत

हेरंब,

तुझ्या आईंच्या भजनांच्या डिस्क लॅपटॉपवर लागत नाहीत म्हणून काल माझ्यावर ओरडलास. डिस्क खराब नाहीत. रेकॉर्डिंग झालं की त्याच रेकॉर्डरवर डिस्क 'फायनलाइज' करावी लागते, तरच ती दुसरीकडे चालते. नाहीतर ती फक्त त्या एका मशीनवर दिसते. आई होत्या तेव्हापासून हे तुला सांगतेय. तुझं एकच उत्तर, "करू यार, संडेला."

माझ्या बाबांची एकच डिस्क होती. तीही तू पुसलीस, मॅच रेकॉर्ड करायला. मी रडले तर म्हणालास, "अच्छा, आता एका डिस्कवरून तमाशा?"

आज संडे आहे. तू जिमला गेलास आणि खाली कबाडीवाला आला. रेकॉर्डर त्याला देऊन टाकला. त्याने माझ्यासमोरच हातोडीने फोडून त्यातलं तांबं वेगळं काढलं.

मी अश्लेषाकडे फरीदाबादला जातेय. फोन करू नकोस. राजमा फ्रिजमध्ये आहे.

आईंच्या सगळ्या डिस्क तुझ्या कपाटात नीट लावून ठेवल्यात. एकीवरही ओरखडा नाही.

प्रणिता