दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट नसते

मारेगाव
दि. ८ सप्टेंबर २०२५

चि. इंद्रजित यास धर्मपालचा जयभीम वि. वि.

आशीर्वाद या खेपेस रोखून धरले आहेत. पुढे वाचशील तर कारण कळेल.

या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे तू काय कापलं ते ध्यानात येईल. राजूरच्या कॉलनीत बाबांच्या खाणीतल्या बुटाच्या खोक्यात पहिला रेडिओ केला. अँटेनाचा बूस्टर केला, त्यावर अख्ख्या लाइनीनं मॅच पाहिली. दुकानाचं काउंटर केलं, सोल्डरिंगचा स्टँड सायकलच्या स्पोकचा केला. आपल्या जुन्या गेम पार्लरच्या टीव्ही गेमचे, एक नंबरच्या खेळाडूचा नि दोन नंबरच्या खेळाडूचा, असे आठही जोड रिमोट उघडून, धुऊन, आतले रबर बदलून पुन्हा चालते केले. आणि यंदा त्या रिमोटसाठी डब्या केल्या. आगपेटीहून थोडी मोठी डबी. एका अंगाने जुन्या रिमोटचा नऊ पिनांचा प्लग आत जातो, दुसऱ्या अंगाने यूएसबीची वायर निघून कॉम्प्युटरला लागते. मधात नखाएवढं बोर्ड, त्यातला प्रोग्राम माझा. कोणत्या क्लासला गेलतो? कोणत्याच नाही. इंग्रजी अडलं तिथं अडलो, मग उठून पुन्हा बसलो. दोन नंबरच्या डबीला एक नंबरपेक्षा जास्त वेळ लागला. काहून लागला ते तुले दसऱ्याला सगळ्यांसमोर सांगणार होतो. आता कायले सांगू?

डबी केली ती कशासाठी? काही कापावं लागू नये यासाठी. डबीतून प्लग काढला की तोच रिमोट आपल्या जुन्या गेमला लागला पाहिजे. पोळ्याच्या आधी एक जोड, दोन डब्यांसकट, एसटीच्या पार्सलनं तुझ्याकडे पाठवला. अपेक्षाचा कॉम्प्युटर आला आहे, बाप-लेक खेळतील म्हणून.

आणि परवा घरच्या ग्रुपवर तुझा फोटो. टेबलावर दोन नंबरचा रिमोट, त्याच्या वायरला बाजारचा यूएसबी, आणि चहाच्या कपाजवळ माझा नऊ पिनांचा प्लग कापून टाकलेला, मेलेल्या झुरळासारखा. खाली तू लिहिलं, दहा मिनिटांत काम तमाम. त्यावर पाहुण्यांचे अंगठे. अमरनं तर टाळ्या वाजवल्या, ज्याला घरचा बल्ब बदलता येत नाही.

तो प्लग आज कुठं मिळतो ते सांग. वायर कापायला काय लागते रे? दातानं बी कापता येते.

मी ग्रुप सोडला. तुझा नंबरही बंद केला. फोनवर तू दादा दादा करून गोष्ट हसण्यावारी नेतो. कागद तसा नेता येत नाही, म्हणून पत्र.

दोन्ही रिमोट, दोन्ही डब्या आणि तो कापलेला प्लग मुकाट्यानं परत पाठव. दुसरं. दुकानाच्या बोर्डावर 'धर्मपाल इंद्रजित रिपेरिंग' असं आहे. तू नोकरीवर गेला तरी मी तुझं नाव राहू दिलं. गोविंदा पेंटरला सांगून ठेवलं आहे. अर्धा बोर्ड कोरा करतो.

दीपा व अपेक्षाला अनेक आशीर्वाद. तुझे आशीर्वाद पार्सल पोचल्यावर पाहू.

तुझा वडील भाऊ, निदान नात्यानं,
धर्मपाल

---

लोहारा, यवतमाळ
दि. १४ सप्टेंबर २०२५

ती. दादास इंद्रजितचा सविनय जयभीम.

तुझं पत्र कारखान्याच्या गेटवर आलं. वॉचमन म्हणे कोर्टाची नोटीस दिसते. वाचून झाल्यावर मलेही तसंच वाटलं.

तुझी यादी वाचली. त्यात पार्लर तेवढं 'आपलं' आणि काम सगळं तुझं. ते रिमोट साबणाच्या पाण्यात कोण धुत होतं? बूस्टरचा पाइप धरून पत्र्यावर कोण उभं होतं? बरं, राहू दे.

प्लग कापला, खरं आहे. आणखी एक ऐकून घे, म्हणजे एकदाच काय तो संतापशील. फोटोत रिमोट पालथा आहे म्हणून दिसत नाही, पण त्याला मी भोकही पाडलं. मधोमध. तिथं स्टार्टचं बटण बसवलं.

काहून बसवलं ते विचार. दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट नसते, दादा. कंपनी तसाच काढायची. खेळ सुरू करणार एक नंबरवाला, थांबवणार एक नंबरवाला. आणि एक नंबर माझ्या हाती कधी आला? तुले तहान लागली की खेळ थांबायचा. मले लागली तर पडद्यावरचा माझा रणगाडा फुटायचा, आणि वरून तू म्हणायचा, लक्ष कुठं राह्यते तुझं. पुढे दुकानातही तेच. मोबाइलचं रिपेरिंग धरू म्हटलं, तू म्हटलं थांब. वणीत दुसरं दुकान टाकू म्हटलं, थांब. मी थांबलो नाही, इथं येऊन फिटर झालो. त्याचा राग तू माझं नाव बोर्डावर ठेवून काढत राह्यला, असं मले कधी कधी वाटते.

तू जोड पाठवला त्या रविवारी अपेक्षानं एक नंबर उचलला. मी दोन नंबर घेतला, हाताला तीच सवय. तिच्या मैत्रिणीचा फोन आला, तिनं खेळ थांबवला, निवांत बोलली. मग मले फोन आला. मी मेलो. पोरगी पोट धरून हसली. तिची काही चूक नाही, पण माझं डोकं फिरलं. पुढे सुट्टी पाहून कारखान्यातल्या सोनूला घरी बोलावलं. त्यानं बाजारचं एक यूएसबी बोर्ड रिमोटच्या पोटात कोंबलं आणि मी ड्रिल लावलं.

स्टार्ट चालते. डावं चालत नाही. माझा रणगाडा आता फक्त उजवीकडे वळतो. हे तुले सांगायचं नव्हतं, पण पार्सल उघडल्यावर तुले कळणारच.

नाव पुसायचं तर खुशाल पूस. एवढंच लक्षात ठेव, बोर्डावरची अक्षरं मी आखली होती, गोविंदानं फक्त रंग भरला. माझं नाव गेलं तरी तुझं नाव माझ्याच अक्षरात राहील.

पार्सल आजच्या गाडीनं टाकलं. वहिनींना माझा व दीपाचा जयभीम. तू कसाही लिही, माझ्याकडून माया आहे तेवढीच आहे.

तुझा,
दोन नंबर

---

मारेगाव
दि. २० सप्टेंबर २०२५

इंद्रजित भाऊजींना ममताचा जयभीम.

तुमचं पार्सल आलं. यांनी कोणाले हात लावू दिला नाही. दुकानात नेलं, उघडलं, भिंग लावून पाहून राह्यले अन तोंडानं काय काय बोलून राह्यले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुमच्या भोकाले पाहून तर म्हणे, उंदरानं बी याहून सरळ पाडलं असतं.

काल दुकानासमोर नागपूरची एक गाडी उभी राह्यली. काळ्या चष्म्याचा माणूस उतरला. आधी हळू बोलणं चाललं होतं. मी चहा घेऊन जाते तर हे एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरचा मेडिकलवाला बाहेर आला. तो माणूस गाडीत बसून निघून गेला, चहा तसाच. काय झालं विचारलं तर म्हणे तू तुझं काम कर. तो चहा बी मलेच प्यावा लागला.

गोविंदा पण आला होता. शिडी लावली, डबा उघडला. हे खाली उभे राहून वर पाहत राह्यले, मग त्याले म्हणाले उतर. रंग पातळ आहे म्हणे. गोविंदा म्हणे दादा, पुसायलेच तर लावायचा आहे, पातळ असला तं काय झालं. त्याले बी हाकललं.

भाऊजी, तुम्ही दोघं एकाच मातीचे आहा. एक जण बोलत नाही अन दुसरा बोलला की कापतो. तुम्ही एकदा येऊन जा. यांच्यासाठी नका येऊ, माझ्यासाठी या. जेवताना बी हे त्या रिमोटसोबतच बोलतात.

दीपाले सांगा, मोहाच्या लोणच्याची बरणी तिची राखून ठेवली आहे. माया कमी करू नका.

तुमची वहिनी,
ममता

---

मारेगाव
दि. २४ सप्टेंबर २०२५

चि. इंद्रजित यास धर्मपालचा जयभीम. आशीर्वाद अर्धे पाठवतो, अर्धे ठेवून घेतो.

रिमोट उघडला. तुझ्या ड्रिलनं डाव्या बटणाकडे जाणारी तांब्याची रेघ कापली. भोक सूतभर खाली पाडलं असतं तर रेघ वाचली असती. फिटर म्हणवतो ना रे? ड्रिल लावायच्या आधी पलीकडे काय आहे हे पाहायचं, हे तुझ्या कारखान्यात शिकवत नाहीत का? सोनूचं कोंबलेलं बोर्ड काढून फेकलं. तुटलेल्या रेघेवर केसाएवढी तार टाकली. प्लगची प्रत्येक वायर रंगाला रंग जुळवून जोडली, वर नळी चढवली. जोड दिसतो, पण निघणार नाही. भोक बुजवलं नाही. त्यातलं बटण तिरपं होतं, ते मले पाहवत नव्हतं, म्हणून तेवढं सरळ केलं. डावं चालते. स्टार्टही चालते.

आता ऐक, दोन नंबरच्या डबीला जास्त वेळ काहून लागला ते.

रिमोटमधल्या चिपात आठ बटणांची जागा असते. दोन नंबरमध्ये कंपनी बटणं सहाच बसवते. स्टार्टची जागा आत रिकामी पडून राहते, तुझं बटण आता तिथंच जोडलं आहे. मी डबीच्या प्रोग्राममध्ये असं लिहिलं, की दोन नंबरवाल्यानं ए आणि बी दोन्ही बटणं दाबून धरली आणि वरचं दाबलं, तर कॉम्प्युटरला स्टार्ट गेलं पाहिजे. प्लग न कापता, भोक न पाडता. खेळाच्या भरात ही तीन बटणं चुकून एकदम तर दाबली जात नाहीत, हे पाहायला ममताला शेजारी बसवून खेळत राह्यलो. ती मले हरवते, तो विषय वेगळा. मग एक दिवस मी दोन नंबरवर बसून तिचा खेळ मधातच थांबवला. ती एवढी चिडली की तेव्हा कळलं, जमलं.

म्हणजे तू जे मिळवायला माझा प्लग कापला, ते त्या प्लगच्या पुढच्याच डबीत होतं, मूर्खा! हातात होतं तुझ्या. तू ते काढून बाजूला ठेवलं आणि ड्रिल आणलं.

तू म्हणशील, दादानं सांगितलं नाही. दसऱ्याला सांगणार होतो. तेवढं थांबता येत नव्हतं का तुले? हे लिहिताना 'थांब' पुन्हा आलं, ते मलेही दिसलं. खोडत नाही. खोडलेलं पत्र मी पाठवत नसतो.

बोर्ड तसाच आहे. गोविंदाच्या रंगात टर्पेंटाइन जास्त होतं. अक्षरं तुझी आहेत हे मले ठाऊक होतं, तू कळवायची गरज नव्हती. त्यातली 'जि'ची वेलांटी तेव्हाही डावीकडे झुकली होती, आजही झुकली आहे. शिडीखाली उभा राहून तेच पाहत होतो.

दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर भेटूच. परतताना थेट लोहाऱ्याला जाऊ नका, तिघंही इकडेच या. रिमोट टीव्हीजवळ काढून ठेवतो. एक नंबर तू घे. दोन नंबरवर मी बसतो. आता त्याले स्टार्ट दोन झाली आहेत, एक माझं आणि एक तुझं भोकातलं. कोणतं आधी चालते ते पाहू. हरलास तर रिमोटला दोष द्यायचा नाही.

दीपाला व अपेक्षाला आशीर्वाद, ते पूर्ण. संताप अजून उतरला नाही, तो आहेच. माया त्याच्या आधीपासूनची आहे, ती तू मोजू नको.

तुझा,
धर्मपाल

ता. क. नागपूरच्या गाडीचं ममतानं तुले लिहिलं म्हणे. तिले पुरतं माहीत नाही. तो माणूस तिकडे जुन्या टीव्ही गेमचं कॅफे काढतो आहे, सगळं कॉम्प्युटरवर. माझे रिमोट चालवून पाहिले, डब्या पाहिल्या, खूश झाला. त्याला एक नंबर पाहिजे होते, आठही, त्यांच्या डब्यांसकट. दोन नंबर तुमचे तुम्ही ठेवा म्हणे, बिनस्टार्टचे कोण घेते, भंगारात टाका. तेव्हा तुझा कापलेला रिमोट माझ्या हातात उघडा होता. डबीतलं स्टार्ट मी त्याले दाखवलंच नाही, त्याची तेवढी लायकी नव्हती. जोड फोडून देत नाही म्हटलं, आणि त्याले त्याच्या गाडीची वाट दाखवली. नगदी देत होता, बावन्न हजार रुपये.